विद्यापीठ, त्याचे पदवीधर आणि आपण शेतकरी

वसई रोड स्थानकावर उतरून पूर्वेस बाहेर पडलें म्हणजे रिक्षांची रांग लागते, आणि रिक्षावाल्यांच्या तोंडीं वारंवार एक नांव ऐकूं येतें: एव्हरशाईन सिटी. नांव इंग्रजी, वस्ती सर्व प्रांतांतील लोकांची, आणि इमारती एकमेकींस इतक्या लागून, कीं येथील भूमि पूर्वीं कशी होती हें नवख्यास सांगूनही खरें वाटूं नये. मात्र आषाढांत चार दिवस झड लागली आणि रस्त्यांत पाणी साचलें, म्हणजे ती भूमि आपली मूळची सखल जात प्रगट केल्यावांचून राहत नाहीं. या वस्तींत शेतीच्या मासिकास विषय सांपडेल अशी अपेक्षा धरून आम्ही गेलों नव्हतों. एका जुन्या स्नेह्यांस भेटावें एवढाच हेतु होता. परंतु परततांना जो विचार बरोबर घेऊन आलों, तो वाचकांपुढें ठेवल्यावांचून राहवत नाहीं.

हे स्नेही कृषि पदवीधर. सरकारी शेतकी खात्यांत चाकरी करून निवृत्त झाले आणि मुलाच्या नोकरीच्या सोयीसाठीं येथें पांचव्या मजल्यावर राहूं लागले. सज्जांत चार कुंड्या, त्यांत कढीनिंब, ओवा आणि एक लिंबाचें कलम. एवढीच आतां त्यांची शेती. बोलतां बोलतां त्यांनीं कपाटांतून एक लिफाफा काढून आमच्या हातीं दिला. ज्या महाविद्यालयांत ते शिकले त्याचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. पदवी घेऊन बाहेर पडल्यापासून बावीस वर्षें त्या संस्थेनें यांस एक ओळ लिहिली नव्हती. तेविसाव्या वर्षीं जें पत्र आलें तें नव्या सभागृहासाठीं देणगी मागणारें. त्यावर यांचें आडनांव चुकीचें, आणि पत्ता पहिल्या नेमणुकीच्या गांवचा. कोणा भल्या टपालवाल्यानें तें चार ठिकाणीं फिरवून यांच्यापर्यंत पोंचविलें. "मग पैसे दिले कीं नाहीं?" असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, "दिले. पण मनांत आलें, इतकीं वर्षें शेतांवर हिंडून मीं काय पाहिलें हें यांनीं एकदां विचारलें असतें, तर पैशांहून पुष्कळ अधिक देतां आलें असतें."

याच गृहस्थांची दुसरी एक हकीकत आहे. वसईच्या खाडीकांठीं खाजणांची जमीन बरीच. बांध फुटून भरतीचें पाणी आंत शिरलें, कीं पुढें एक-दोन पावसाळे त्या जमिनींतील खार धुवून जात नाहीं आणि नेहमींचा भात पिवळा पडून बसतो. यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचे असे लागोपाठ दोन हंगाम बुडाले. तिसऱ्या वर्षीं जमीन पडीक टाकावी किंवा विकून मोकळें व्हावें, या विचारांत तो होता; आणि या भागांत विकत घेणाऱ्यांची वाण कधींच नसते. यांनीं पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रांत असलेल्या आपल्या एका जुन्या वर्गबंधूस दूरध्वनि केला. त्या केंद्रानें खार सोसणारे भाताचे वाण काढलेले आहेत. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हीं त्यांचीं नांवें आमच्या कुलाबा-ठाण्याकडील वाचकांच्या कानांवरून गेलेलीं असतीलच. आठ दिवसांत बियाणें आलें. पीक गोड्या जमिनीइतकें उतरलें नाहीं, पण खर्च निघून वर्षाचें खाणें घरांत पडलें, आणि जमीन राहिली.

आतां यांत नवल तें कोणतें? केंद्र सरकारी, वाण शेतकऱ्यांसाठींच काढलेले, अंतर एका दिवसांत जाऊन येण्याजोगें. तरी दोन वर्षें त्या शेतकऱ्यास त्यांचा पत्ता नव्हता. विद्यापीठाचें ज्ञान त्याच्या बांधावर आलें तें विद्यापीठाच्या द्वारानें नव्हे, तर चाळीस वर्षांपूर्वीं एका वसतिगृहांत एका ताटांत जेवलेल्या दोन माणसांच्या स्नेहामुळें. तो वर्गबंधु दुसऱ्या गांवीं बदलून गेला असता किंवा दूरध्वनीचा क्रमांक हरवला असता, तर आज तेथें भाताऐवजीं भराव दिसला असता.

आमचा वाचक जमीनधारक शेतकरी आहे. तो म्हणेल, विद्यापीठानें आपल्या माजी विद्यार्थ्यांशीं नातें ठेवावें कीं न ठेवावें, हा त्यांचा त्यांचा प्रश्न. आम्हांस त्याचें काय? आमचें म्हणणें असें, कीं कृषि विद्यापीठाच्या बाबतींत हा प्रश्न दोघांचा नसून तिघांचा आहे. वकिलाचें किंवा वैद्याचें विद्यापीठाशीं नातें तुटलें, तर त्याचें नुकसान बहुशः त्याचें त्यालाच. कृषि पदवीधराचें तुटलें, तर तें आपल्या शेतांत दिसतें. शिवाय त्या विद्यापीठांत जाणारीं मुलें आपलींच आहेत.

या प्रांतांतील शेतकी शिक्षणाचा इतिहास थोडा आठवावा. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयास जोडून शेतकीचा वर्ग १८७९ सालीं सुरू झाला, आणि १९०७-०८ च्या सुमारास स्वतंत्र कृषि महाविद्यालय उभें राहिलें. त्याचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन हे रसायनशास्त्रज्ञ. पण प्रयोगशाळेंत बसून दक्षिणेंतील शेतकरी कळणार नाहीं हें त्यांनीं ओळखलें. आपल्या महाविद्यालयांतील सहकाऱ्यांस बरोबर घेऊन त्यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवाची घरोघर, शेतोशेत पाहणी केली. ती १९१७ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें प्राध्यापक ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगांव बुद्रुकची तशीच पाहणी १९२१ सालीं बाहेर आली. जमिनीचे तुकडे किती पडले, कर्ज किती, कोणाचें पोट शेतीवर भरतें आणि कोणाचें भरत नाहीं, हें त्या पाहण्यांत आंकड्यांनिशीं आहे, आणि आजही अर्थशास्त्राचे अभ्यासक तीं पुस्तकें उघडतात. ही सगळी शिदोरी कोठून आली? एका महाविद्यालयानें एका गांवाशीं नातें धरलें, त्यांतून. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड शहरांत आहे, आणि तेथें एव्हरशाईन सिटीसारख्याच इमारतींची गर्दी झाली आहे. तेथील शेतें गेलीं. पण त्या शेतांचें वर्णन राहिलें, तें विद्यापीठाशीं बांधलेल्या माणसांनीं लिहून ठेवलें म्हणून.

पुढें राज्यांत चार कृषि विद्यापीठें झालीं: राहुरीचें १९६८ सालीं, अकोल्याचें १९६९ सालीं, आणि परभणी व दापोली येथील दोन्हीं १९७२ सालीं. त्यांचें कार्य थोडें नाहीं. दापोलीच्या विद्यापीठाकडून आलेला रत्ना हा नीलम व हापूस यांचा संकर, जवळजवळ बिनकोयीचा सिंधु आंबा, वेंगुर्ल्याच्या केंद्राचे काजूचे वाण, कर्जतचे भात, हें सारें कोंकणच्या बागाइतदारास ठाऊक आहे. राहुरीची कृषिदर्शनी शेकडों घरांत असते. अकोल्याच्या शिवारफेरीस वऱ्हाडांतून गाड्या भरभरून लोक जातात. तेव्हां विद्यापीठ आणि शेतकरी यांच्यांत कांहींच संबंध नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. जो दुवा निखळलेला आहे तो मधला. विद्यापीठांतून दरसाल बाहेर पडणाऱ्या पदवीधराचा. तो बँकेंत जातो, खतांच्या व बियाण्यांच्या कंपनींत जातो, लोकसेवा आयोगाच्या परीक्षा देऊन तहसील कचेरींत किंवा पोलीस खात्यांतही जातो. जाईना, पोट सर्वांस आहे. पण तो गेला कोठें, हें त्याच्या विद्यापीठास ठाऊक नसतें, आणि विद्यापीठानें गेल्या दहा वर्षांत काय नवें काढलें, हें त्यास ठाऊक नसतें.

याच एव्हरशाईन सिटींत, आमच्या स्नेह्यांच्या शेजारच्या इमारतींत, एक बाई राहतात. त्या एका बँकेंत अधिकारी आहेत. आम्ही आलों आहों असें कळल्यावरून त्या मुद्दाम भेटावयास आल्या. त्या कृषि पदवीच्या शेवटच्या वर्षीं 'कृषिकन्या' म्हणून रायगड जिल्ह्यांतील एका गांवीं राहिल्या होत्या. ग्रामीण कृषि कार्यानुभव म्हणून जो अभ्यासक्रम आहे, त्यांत मुलगे 'कृषिदूत' आणि मुली 'कृषिकन्या' म्हणून गांवोगांव येतात, हें आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलेलें आहे. कित्येकांनीं त्यांस घरीं जेवूंही घातलें असेल. या बाईंनीं आपल्या यजमान शेतकऱ्याच्या सात-आठ गुंठ्यांत चारसूत्री भात लावून दाखविला. अमेरिकेंतील आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रांत काम केलेले डॉ. नारायण सावंत यांनीं प्रचारांत आणलेली ही पद्धत: भाताचे अवशेष जमिनीस परत द्यावयाचे, गिरिपुष्पाचा पाला चिखलांत गाडावयाचा, दोरीवर मोजक्या अंतरानें लावणी करावयाची, आणि लावणी झाली कीं दर चार चुडांच्या मध्यें युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोंचावयाची. खत पाण्याबरोबर वाहून जात नाहीं आणि युरिया फेंकून टाकण्यापेक्षां थोड्यांत भागतें. त्या वर्षीं पीक डोळ्यांत भरण्यासारखें आलें. शेजारचे लोक बांधावर उभे राहून पाहून गेले. कार्यानुभव संपला, मुली निघून गेल्या, अहवाल महाविद्यालयांत जमा झाला, गुण मिळाले.

बारा वर्षांनीं बँकेच्या कामासाठीं त्या बाई त्याच रस्त्यानें जात होत्या. गाडी थांबवून घरीं गेल्या. शेतकऱ्यानें ओळखलें, चहा झाला. शेत पाहिलें तों युरिया पूर्ववत् मुठीनें फेंकला जात होता. कां? तर दुसऱ्या वर्षीं गोळ्या जवळच्या दुकानांत मिळेनात. मजूर म्हणूं लागले, दोरीनें लावणीस वेळ लागतो, मजुरी वाढवून द्या. कोणास विचारावें? कृषिकन्यांनीं वहींत लिहून दिलेला क्रमांक लागेना. महाविद्यालयास पत्र लिहावें, तर कोणाच्या नांवें लिहावें? "ताई, तुम्ही एकदां जरी आला असतां तर सोडलें नसतें," असें तो म्हणाला. बाई आम्हांस म्हणाल्या, "मला त्या कामाचे उत्तम गुण मिळाले होते. त्या दिवशीं ते परत करावेसे वाटले."

या दोन हकीकती एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे दुखणें कोठें आहे तें कळतें. एकींत नातें टिकलें म्हणून शेत वांचलें; दुसरींत तें हंगामाबरोबर संपलें, म्हणून हातीं आलेली विद्या पुन्हा गेली.

परदेशांत या नात्याचा विचार फार पूर्वींपासून झालेला आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत विल्यम्स नांवाचें एक लहानसें कॉलेज आहे. १८२१ सालीं त्याचे अध्यक्ष कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन अॅमहर्स्ट येथें नवें कॉलेज काढावयास निघून गेले, आणि मागें राहिलेली संस्था मोडते कीं काय अशी वेळ आली. तेव्हां तिचे माजी विद्यार्थी एकत्र जमले आणि त्यांनीं आपला संघ स्थापून ती तगविली. माजी विद्यार्थ्यांचा असा हा पहिलाच संघ समजला जातो. येल विद्यापीठानें तर त्याही आधीं, १७९२ पासून, प्रत्येक वर्गाचा एक चिटणीस नेमण्याची वहिवाट पाडली. कोण कोठें आहे, काय करतो, हें त्यानें टिपून ठेवावयाचें. आणि त्या विद्यापीठानें माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक निधि काढला तो १८९० सालीं! सुमारें शंभर वर्षें आधीं पत्रें, मग पैसा. आमच्या संस्था हा क्रम उलटा धरतात.

त्याच देशाकडून आम्हीं कृषि विद्यापीठाची कल्पना घेतली. १८६२ च्या कायद्यानें तेथें जमिनी देऊन शेतकीचीं कॉलेजें निघालीं, १८८७ च्या कायद्यानें संशोधन केंद्रें, आणि १९१४ च्या कायद्यानें शेतकऱ्यांच्या दारीं जाण्याची व्यवस्था. त्याच धर्तीवर १९६० सालीं पंतनगरचें विद्यापीठ झालें व मागून आमचीं चार. शिक्षण, संशोधन, विस्तार हीं तिन्हीं अंगें आम्हीं उचललीं, कारण तीं कायद्यांत लिहिलेलीं होतीं. चौथें अंग म्हणजे पदवीधरांचें आपल्या संस्थेवरील प्रेम. तें कायद्यांत नव्हतें, रिवाजांत होतें; म्हणून तें मागेंच राहिलें.

आमच्याकडे असें कांहींच घडत नाहीं, असेंही नव्हे. वसईहून आगगाडींत बसलें तर ज्या पवईस जाण्यास फारसा वेळ लागत नाहीं, तेथील तंत्रविद्या संस्थेस श्री. नंदन निलेकणी यांनीं आपल्या प्रवेशास पन्नास वर्षें झाल्याप्रीत्यर्थ २०२३ सालीं ३१५ कोटि रुपये दिले. माटुंग्याच्या रसायन तंत्रविद्या संस्थेस श्री. मुकेश अंबानी यांनीं २०२५ सालीं आपले गुरु प्रा. मनमोहन शर्मा यांच्या शब्दावर १५१ कोटि रुपये गुरुदक्षिणा म्हणून दिले. आनंदाची गोष्ट आहे. परंतु कृषि विद्यापीठांनीं या आंकड्यांकडे पाहून आपला मार्ग ठरवूं नये. आमचा पदवीधर बहुधा पगारदार. त्याच्यापाशीं कोटि नाहींत.

आम्हांस अधिक जवळचीं उदाहरणें दुसरीं वाटतात. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं आपल्या मुरूड गांवासाठीं मुरूड फंड काढला. पोटासाठीं बाहेर गेलेल्या मुरूडकरांनीं गांवच्या कामास थोडें थोडें द्यावें अशी ती योजना होती. हिंगण्याच्या संस्थेसाठींही त्यांनीं घरोघरच्या लहान देणग्यांवर भिस्त ठेविली. संस्थेचा भाऊबीज निधि प्रसिद्धच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि पुढें साताऱ्याच्या वसतिगृहांतील मुलांचीं पोटें मूठ मूठ धान्यावर भरलीं. त्या धान्याची मूठ देणारी माउली विद्यापीठाची पदवीधर नव्हती. पण तिचें त्या संस्थेशीं जें नातें जडलें तें पिढ्यान् पिढ्या टिकलें, कारण देणें लहान होतें, नेमानें होतें, आणि आपली मूठ कोणाच्या ताटांत पडते हें तिला दिसत होतें.

कायद्यानें नातें जुळविण्याचा प्रयत्नही झालेला आहे. १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानें नोंदविलेल्या पदवीधरांस सीनेटवर आपले प्रतिनिधि निवडण्याचा हक्क मिळाला. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यांतही अधिसभेवर असे दहा प्रतिनिधि निवडून द्यावयाचे आहेत. मुंबई विद्यापीठांतील ही निवडणूक लांबत लांबत सप्टेंबर २०२४ मध्यें झाली. हक्क असावा, याविषयीं वाद नाहीं. पण पांच वर्षांतून एकदां मत द्यावें आणि मध्यंतरीं एकमेकांकडे पाहूं नये, असल्या संबंधास नातें म्हणणें कठीण. तसेंच महाविद्यालयांच्या मूल्यमापनांत आतां माजी विद्यार्थी संघाची विचारणा होऊं लागली आहे. त्याचा परिणाम असा, कीं समिति यावयाची असली म्हणजे कित्येक ठिकाणीं संघ जागा होतो, फलक रंगतो, एक स्नेहसंमेलन होतें, जेवण होतें, छायाचित्रें निघतात. आणि समितीची पाठ वळली कीं पुन्हा सामसूम. व्हॉट्सॲपवरील वर्गांचे गट आहेत, नाहीं असें नाहीं. आमच्या स्नेह्यांनीं आपला गट उघडून दाखविला. सकाळच्या नमस्काराचीं फुलांचीं चित्रें इतकीं, कीं त्यांखालीं एका मित्रानें विचारलेला नारळावरील सोंडकिड्याचा प्रश्न तीन दिवस कोणाच्या दृष्टीसच पडला नव्हता.

मग करावें काय? आम्हांस सुचतें तें मांडतों. अधिक जाणत्यांनीं दुरुस्त करावें.

विद्यापीठानें पहिली गोष्ट करावी ती वहीची. कोणता विद्यार्थी, कोणत्या सालीं, कोणत्या गांवीं, कोणा शेतकऱ्याकडे राहिला, आणि तेथें कोणतें प्रात्यक्षिक केलें, एवढें एका ओळींत. हीं माहिती आजही अहवालांतून असतेच. फक्त ती गठ्ठ्यांत बांधून फडताळावर जाते. एखादें महाविद्यालय दरसाल शंभर मुलें गांवांत पाठवीत असेल, तर तीस वर्षांत तीन हजार जोड्या होतात. तीन हजार पदवीधर आणि त्यांस घरचें अन्न घातलेलीं कुटुंबें. इतकी मोठी ठेव हातीं असतां ती बुडीत खातीं कां टाकावी? पांच वर्षें झालीं कीं दोघांसही एकेक पत्र जावें. पदवीधरास विचारावें, आपण पुन्हा त्या शेतावर गेलां होतां काय? शेतकऱ्यास विचारावें, त्या वर्षीं दाखविलेलें काम पुढें चालू राहिलें काय, नसल्यास कां सुटलें? या दुसऱ्या प्रश्नाचीं पांचशें उत्तरें जमलीं, तर विस्तारशिक्षणाच्या प्राध्यापकांस कोणत्याही परिसंवादांत मिळणार नाहीं इतकें शिकावयास मिळेल. गोळ्या दुकानांत मिळत नाहींत, हें कारण प्रयोगशाळेंत बसून कळत नाहीं.

पत्र धाडलें कीं नातें जुळलें, असें मात्र नव्हे. विद्यापीठानें पदवीधरास कांहीं द्यावें लागेल, आणि तें आधीं द्यावें लागेल. चारही विद्यापीठांची संयुक्त बैठक दरसाल भरते आणि नव्या वाणांच्या व नव्या पद्धतींच्या शिफारशी तेथें मान्य होतात. त्यांचें दोन पानांचें टिपण प्रत्येक पदवीधरास पाठविण्यास कितीसा खर्च? बँकेंत बसलेल्या पदवीधरापुढें पीककर्जाचा अर्ज येतो, तेव्हां त्या टिपणाचा उपयोग त्यास व शेतकऱ्यास दोघांसही आहे. ग्रंथालय त्यास जन्मभर मोकळें असावें. नोकरींत दहा वर्षें झालेल्यास आठ दिवस बोलावून नवें काय तें दाखवावें. वसतिगृहाची जुनी खोली राहावयास दिली, तर कित्येक आपल्या खर्चानें येतील, असें आम्हांस वाटतें.

पदवीधरानें द्यावयाचें तें पैशाआधीं वेळेच्या रूपानें. वर्षांतून एक दिवस, तोही लावणीच्या किंवा कापणीच्या हंगामांतला, आपल्या जुन्या यजमानाच्या शेतावर. आणि पैसा द्यावयाचाच, तर वर्षाकांठीं एका दिवसाचा पगार, आपल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या गरीब शेतकऱ्याच्या मुलाच्या वसतिगृहखर्चासाठीं. सभागृहाच्या इमारतीपेक्षां हें देणें डोळ्यांस दिसतें. तो मुलगा पुढें कोठें लागला, हें दात्यास कळवावें म्हणजे झालें.

येथें एक धोका सांगितला पाहिजे. तो झांकून ठेवणें बरें नव्हे. कृषि पदवीधरांपैकीं पुष्कळांचा चरितार्थच औषधें, खतें व बियाणीं विकण्यावर चालतो. त्यांत गैर कांहीं नाहीं. पण विद्यापीठाच्या नात्याची शाल पांघरून कोणी कंपनीचा माल खपवूं लागला, तर शेतकऱ्याचा विश्वास एकदां उडेल तो कायमचा, आणि त्याबरोबर निःस्वार्थी पदवीधरही दारांतून परत जाईल. म्हणून जो पदवीधर सल्ला देण्यास जाईल, त्यानें आपण कोणाची चाकरी करतों हें प्रथम सांगावें, आणि आपल्या कंपनीच्या मालाविषयीं त्या भेटींत बोलूं नये. नियम कडक वाटेल. आमच्या मतें याहून सैल चालणार नाहीं.

आणखी एक विचार. माजी विद्यार्थ्यांचे संघ महाविद्यालयावार असतात. ते ठिकाणावार कां नसावेत? एकट्या वसई-विरार पट्ट्यांत राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशा चारही ठिकाणचे पदवीधर राहतात. आमच्या स्नेह्यांनीं सहज बोटें मोजलीं, तों त्यांच्या ओळखीचेच अकरा निघाले; त्यांतले चार एव्हरशाईन सिटींत. पश्चिमेस उतरलें तर वसईच्या वाड्यांतून केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुलें पिकविणारे बागाइतदार अजून आहेत. राजेळीचीं सुकेळीं करणारीं घरें आहेत. विहिरींस खारें पाणी लागतें म्हणून चिंता करणारे आहेत. घरें बांधणाऱ्यांचा रेटा त्यांच्यावर किती आहे, हें निराळें सांगावयास नको. हरित वसईची चळवळ ज्यांनीं पाहिली त्यांस तें ठाऊक आहे. उत्तरेस आगगाडीनें सुमारें सत्तर किलोमीटरांवर डहाणू, तेथून जवळ कोसबाडच्या टेंकडीवर कृषि विज्ञान केंद्र. रुळांच्या एका बाजूस जाणते पदवीधर पांचव्या मजल्यावर कुंड्यांस पाणी घालीत आहेत, दुसऱ्या बाजूस बागाइतदार केळीच्या रोगावर औषधविक्यास सल्ला विचारीत आहे, आणि मध्यें फक्त स्थानकाचा एक पूल आहे.

शेतकऱ्याकडेही थोडें येतें. कृषिदूत आले कीं आपण त्यांस परक्या पाहुण्यांसारखें वागवितों, किंवा परीक्षेसाठीं आलेलीं पोरें म्हणून हंसण्यावारी नेतों. त्यांचें नांव, मूळ गांव आणि घरचा पत्ता, नुसता भ्रमणध्वनीचा क्रमांक नव्हे, आपल्या जमाखर्चाच्या वहींत लिहून ठेवावा. घरीं लग्नकार्य निघालें तर एक पत्रिका त्यांस जावी. दिवाळीस दोन ओळी जाव्या, त्यांत पीक काय आलें तें असावें. पदवीधरास आपल्या विद्यापीठाकडून पत्र येत नसेल. यजमानाकडून आलें तर तो तें कपाटांत जपून ठेवील, हें आम्ही त्या लिफाफ्यावरून सांगतों.

आम्ही निघालों त्या दिवशीं बँकेंतील बाईंनीं सांगितलें, कीं त्यांनीं रायगडांतील यजमानास लिहिलें आहे, आणि येत्या लावणीस दोन दिवसांची रजा काढली आहे. गोळ्या कोठें मिळतात याची चौकशी त्यांनीं कर्जतच्या भात संशोधन केंद्रांत केली. दूरध्वनि उचलणारा त्यांच्याच वर्गांतला निघाला. आमच्या स्नेह्यांनीं अकरा नांवांची यादी आमच्या हवालीं केली असून पहिली बैठक त्यांच्याच घरीं भरावयाची आहे.

ज्या वाचकांकडे आजवर कृषिदूत किंवा कृषिकन्या राहून गेल्या असतील, त्यांनीं गांव, साल, महाविद्यालयाचें नांव, केलेलें प्रात्यक्षिक आणि तें पुढें चालू राहिलें किंवा सुटलें, एवढी माहिती पोस्टकार्डावर लिहून आमच्या कचेरीकडे श्रावण अखेरपर्यंत पाठवावी. विद्यार्थ्यांचीं नांवें आठवत नसल्यास हरकत नाहीं. साल आणि गांव यांवरून तीं काढतां येतील. आलेलीं पत्रें त्या त्या महाविद्यालयाकडे आम्ही स्वखर्चानें पोंचवूं, आणि उत्तरें आलीं तर तीं याच पानांत छापूं.